गंगूचा आडपंचा

खिरीच्या पातेल्याच्या बुडाला खरवड धरते ना, तसे आमच्या छत्रात किस्से धरतात. वरवर बघणाऱ्याला काही दिसत नाही. पळी घेऊन खरवडायला बसलं की निघतच राहतात. सदाशिव पेठेतलं आमचं अन्नछत्र एका सावकारांचं. रोज दुपारी विद्यार्थी, यात्रेकरू आणि पुण्यात दक्षिणेला आलेले भटजी, असे सगळे पंगतीला बसतात. कोठी माझ्याकडे. अक्षरं मी कोठीतल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून शिकले, म्हणून माझ्या लिहिण्याला डाळ-तांदळाचा वास येतो. ज्यांना तो खपत नाही त्यांनी पुढचं वाचू नये.

*

आडपंचा म्हणजे काय ते आधी सांगते. हा शब्द आमचाच, शोधत बसू नका. स्वयंपाकघरातला हात पुसायचा जाडाभरडा पंचा घ्यायचा. वरचे दोन कोपरे आत दुमडायचे आणि दुमडीवर टाके घालून नाडीला वाट ठेवायची. एकच लांब नाडी एका कोपऱ्यातून वर काढून मानेमागून दुसऱ्या कोपऱ्यात उतरवायची. दोन्ही टोकं कमरेला मागे बांधली की झालं. छातीपासून गुडघ्यापर्यंत बाई झाकली.

तो मी शिवला छत्रातली स्वयंपाकीण गंगू हिच्यासाठी. भाताची पेज निथळताना पातेलं हातातून कलंडलं आणि उकळती पेज तिच्या पोटावर आली. भाजलं ते बरं झालं, पण भीती राहिली. पातेल्याला हात लावला की मनगटं थरथरायची.

आमचे आचारी धोंडभटजी म्हणाले, "चुलीला भिणारी बाई स्वयंपाकघरात ठेवून काय तिची पूजा करायची? पितृपक्षाआधी तिनं भावाकडे जावं."

भावाकडे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. भावजयीनं तिला गोठ्यात झोपवलं होतं. तिथून उठून ती छत्रात आली होती.

*

शिवण मला कुणी शिकवलं नाही. बुधवार पेठेतल्या एका शिंप्याकडे गेले, म्हटलं, टाका कसा घालतात ते दाखव. तो म्हणाला, "बाई, ही विद्या हातात यायला जन्म जातो."

म्हटलं, "माझा बराचसा गेलाय. उरलेल्यात भागवेन."

घरी येऊन पुतण्याचा जुना अंगरखा उसवला. ज्या वाटेनं दोरा बाहेर आला त्याच वाटेनं परत आत घातला. विद्या म्हणतात ती एवढीच.

पहिला आडपंचा मांडीवर घेऊन शिवला. शेवटची गाठ मारली, दात लावून दोरा तोडला आणि धोंडभटजींना दाखवायला ऐटीत उठले. पंचा माझ्याबरोबर उठला. अख्खी एक कड माझ्याच लुगड्याला शिवली गेली होती.

धोंडभटजी म्हणाले, "वा द्वारकाबाई. आता निजताना काय करणार?"

म्हटलं, "मुद्दाम शिवलाय. माप हलू नये म्हणून."

*

गंगूनं तो बाहेरच्या पडवीत घातला. तिथे हरभरे भाजणं, धुणं-निवडणं अशी बाहेरची कामं चालतात. तिसऱ्या दिवशी तिनं उकळत्या पाण्याचा हंडा एकटीनं उतरवला. मी तिच्या मनगटांकडेच बघत होते. हललीही नाहीत.

मग मी माझ्यासाठीही एक शिवला आणि आम्ही दोघी ते बांधूनच हौदावर पाण्याला गेलो. कात्रजच्या तळ्याचं पाणी आलं होतं, म्हणून पेठेतल्या सगळ्या बायका जमलेल्या. त्या आमच्या पोटांकडे बघायला लागल्या. कुणी काही विचारेना. पुण्यात विचारत नाहीत, अंदाज बांधतात.

चार दिवसांनी बघते तर हौदावर तीन बायका पोटाला पंचे बांधून उभ्या. त्यातली एक हळूच माझ्याजवळ सरकली. "काकू, बांधायचं ते कळलं. पण किती सोमवार करायचे? उद्यापनाला ब्राह्मण किती?"

तिला वाटलं व्रत आहे.

म्हटलं, "सोमवारांचं काही नाही. लुगड्यावर डाग पडेनासे झाले की उद्यापन."

ती म्हणाली, "म्हणजे जन्मभराचं आहे. फारच कडक हो."

अजून बांधते ती. हळदीकुंकू वाहून बांधते.

*

खरी अडचण पुढेच होती. पडवीत आडपंचा चालला, पण भाताची चूल आत, सोवळ्यात. तिथे शिवलेलं कापड नेत नाहीत. बायका चोळीसुद्धा बाहेर ठेवून, धुतलेलं लुगडं नुसतं गुंडाळून आत जातात. धोंडभटजी उंबऱ्यावर आडवे उभे राहिले.

"टाका घातलेलं कापड आत येणार नाही. गंगूबाईंना यायचं तर त्याच्याशिवाय यावं."

त्याच्याशिवाय गंगू उंबऱ्यापर्यंत जायची आणि तिची मनगटं पुन्हा सुरू व्हायची.

म्हटलं, ठीक आहे, टाका नको तर नको. एक कोरा पंचा धुऊन, सोवळ्यात वाळवून घेतला आणि नुसत्या गाठी मारून तिच्या गळ्यात अडकवला. धोंडभटजींनी चारी बाजूंनी वाकून बघितलं. टाका सापडेना. सोडावंच लागलं.

गंगू आत गेली, ताकाच्या डेऱ्यावर वाकली, गळ्याची गाठ सुटली आणि पंचा ताकात.

धोंडभटजींनी तो दोन बोटांत धरून बाहेर काढला. म्हणाले, "बघा. शास्त्र उगीच नसतं."

म्हटलं, "शास्त्र टाक्याच्या विरुद्ध होतं. सुटली ती गाठ."

ते ताक त्यांनी गाईला पाठवलं. त्या दिवसापासून उंबऱ्याच्या आत गाठीलाही बंदी झाली. गंगू पडवीतच राहिली. भटजींनी पेठेत दुसरी स्वयंपाकीण बघायला सुरुवात केली, आणि तेही गंगूला ऐकू जाईल अशा आवाजात.

*

मी सावकारांच्या घरी गेले, थेट मालकीणबाईंकडे. म्हटलं, धोंडभटजींना दोन शब्द सांगा. त्या माझ्या पोटाकडेच बघत होत्या.

"द्वारकाबाई, हे फार सोयीचं दिसतं हो. मला एक शिवा ना. पण पंच्याचा नको बाई, आमच्यात बरं दिसत नाही. हा शालू घ्या."

म्हटलं, शालूचा कुणी आडपंचा करतं? पण गंगूचं काम व्हायचं होतं. तोंड मिटून शालू कापला. जरीचा काठ खाली घेतला, बुट्टी बरोबर छातीवर आणली. बांधून त्यांनी आरशात पाहिलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, खूश झाल्या. मग एकदम गंभीर झाल्या.

"पण याच्यावर तेल उडालं तर?"

मी खाली पडलेले जरीचे तुकडे वेचायला लागले.

"असं करा," त्या म्हणाल्या, "याच्यावरून बांधायला एक साधा पंच्याचा शिवून द्या."

दिला. गंगूचं विचारलं तर म्हणाल्या, "सोवळ्याओवळ्यात मी पडत नाही. शास्त्रीबुवांना जेवायला बोलावते. ते सांगतील तसं."

*

शास्त्रीबुवा छत्रात आले. मोठा माणूस, मोठं पोट, अंगावर नवाकोरा रेशमी मुकटा. पाटावर बसण्याआधीच धोंडभटजींनी त्यांच्यापुढे तक्रार मांडली. मालकीणबाई दाराआड उभ्या. गंगू पडवीच्या खांबाला टेकून. तिनं आडपंचा काढून हातात घडी करून धरला होता.

शास्त्रीबुवांनी फार वेळ घेतला नाही. "यात विचारण्यासारखं काय आहे? सुई कशाला असते? टोचून जोडायला. जे टोचून जोडलं ते सोवळ्यात चालत नाही. मग ते पंचा असो की पीतांबर."

धोंडभटजी हसले नाहीत, पण मिशी हलली. गंगू आपलं बोचकं बांधायला गेली.

म्हटलं, "शास्त्रीबुवा, निर्णय ऐकला. आता जेवून घ्या. पानं मी मांडते."

पाट मांडले, रांगोळी काढली, पळसाची पानं मांडली. भात वाढला, त्याच्यावर वरण, वरणावर तूप. शास्त्रीबुवांनी आचमन केलं, पहिला घास घेतला. दुसऱ्या घासाला वरण दोन पानांच्या मधून निसटलं. त्यांनी उजवीकडचं पान सरकवलं तर डावीकडून निसटलं. मग ते जमिनीवर उतरलं आणि सावकाश मुकट्याच्या दिशेनं निघालं.

"द्वारकाबाई, ही काय पत्रावळ आहे की झाडाखालचा पाचोळा?"

"पानं पळसाचीच आहेत, शास्त्रीबुवा. टोचून जोडलेलं सोवळ्यात नको म्हणालात. म्हणून काड्या तेवढ्या काढून घेतल्या."

सगळी पंगत थांबली. धोंडभटजींच्या हातातली पळी हवेतच राहिली. अर्ध्या जेवणातून उठता येत नाही, ते शास्त्रीबुवांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. वरणाला तसली काही बंधनं नव्हती. ते मुकट्याच्या काठाला लागलं, मग काठावरून चढलं.

शास्त्रीबुवांनी मुकट्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. धोंडभटजींकडे पाहिलं.

"गंगूबाई कुठे आहेत?"

"बोचकं बांधतायत."

"सोडायला सांगा. आतल्या चुलीवरची आमटी त्यांनी उतरवावी आणि त्यांनीच वाढावी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि येताना ते त्यांचं जे काही आहे ना, पोटावरचं, त्यातलं एक मला घेऊन या. जरा रुंद बघा."