हौद, बूच आणि गणिताच्या बाई

मागच्या मे महिन्यात मी आमच्याच वाडीतल्या हौदात अडकले. बुडण्याचा प्रश्न नव्हता. आत पाणीच नव्हतं!

आता साठीला टेकलेली, सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात घालवलेली, संधिवाताची बाई रिकाम्या हौदात कशाला उतरली, असं तुम्ही विचाराल. सगळ्यांनीच विचारलं. तर मी उतरले तेव्हा हौद काठोकाठ भरलेला होता, एवढं आधीच स्पष्ट करते.

माझा संधिवात जुना आहे आणि निष्ठावान आहे. सकाळी बोटं वळत नाहीत, गुडघे वेगळं बिऱ्हाड केल्यासारखे वागतात, आणि उजवा हात खांद्याच्या वर जायचा बंद होऊन बराच काळ झाला होता. (शाळेत इतक्या पोरांना हात वर करून बाकावर उभं केलंस, त्याचं हे फळ, असं आमचे हे म्हणतात.)

उन्हाळा आला की आमच्या मुग्धाला माझी जास्तच काळजी वाटते. मुग्धा म्हणजे आमची एकुलती एक मुलगी, पुण्याला असते. "आई, उन्हात फिरू नकोस, वाकू नकोस, काही उचलू नकोस. बसल्या बसल्या मन रमेल असं काहीतरी कर," असं म्हणून तिने मोठ्या माणसांसाठी असतं ते रंगवायचं पुस्तक पाठवलं. माझ्या बोटांत पेन्सिल धरवत नाही, म्हणून यांनीच ते रंगवून टाकलं. मग म्हणाली, पडवीत बसून पक्षी बघ. आमच्या पडवीतून एक कावळा दिसतो आणि शेजारच्या कुसुमवहिनी दिसतात. दोघंही मला चांगलं ओळखतात.

"नाहीतर असं करते," मुग्धा शेवटी म्हणाली, "तुला सरळ इकडेच आणते. अख्खा मे महिना एसीत बसून राहा. तिकडे काही झालं ना, की मी कुणाचंही ऐकणार नाहीये!"

मे महिन्यात पुणे! इथे झाडावर हापूस पिकणार आणि मी तिकडे खिडक्या बंद करून टीव्ही बघत बसणार! त्या दिवसापासून मी फोनवर फक्त "मजेत आहे" एवढंच बोलू लागले.

आणि खरंच मजेत होते. कारण डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, "कोमट पाण्यात हालचाल करत जा, सांधे मोकळे होतील." आता रत्नागिरीत मी पोहायच्या तलावावर गेले, तर निम्मे लोक माझे माजी विद्यार्थी निघणार आणि उरलेले त्यांचे पालक. पण आमच्या घरामागे सुपारीच्या वाडीला पाणी द्यायचा चिऱ्यांचा हौद आहे. मे महिन्याच्या उन्हाने दुपारी चारपर्यंत त्यातलं पाणी छान कोमट होतं. डॉक्टर हौद म्हणाले नव्हते. पण हौद नको, असंही म्हणाले नव्हते!

हे जेवून झोपले की मी गाऊन घालून हळूच मागच्या दाराने जायची. काठावर बसायचं आणि अलगद आत घसरायचं. पाणी चांगलं पुरुषभर खोल, पण मला पोहता येतं. दुखणं बाहेर चपलांशेजारी ठेवून आल्यासारखं वाटायचं. गुडघे वाकायचे, बोटं उघडायची, मी आडवी होऊन तरंगायची. तेवढा वेळ मी कुणाचीच पेशंट नसायची. खरं सांगते, आनंदाने डोळ्यांत पाणी यायचं, आणि हौदात असल्यामुळे ते कुणाला दिसायचंही नाही.

हौदाला आतून पायऱ्या नव्हत्या, पण त्यांची गरजच पडायची नाही. पाणीच मला काठापर्यंत उचलायचं. तिथे पोट टेकवायचं आणि बाहेर लोळायचं. (हे दृश्य कुणी पाहिलेलं नाही आणि मी त्याचं वर्णनही करणार नाही.) हे उठायच्या आत मी कपडे बदलून चहा ठेवलेला असायचा.

आमच्या यांना साखर आहे. त्या शनिवारी सकाळी हे रक्त तपासायला गेले आणि वाडी शिंपायची राहिली. म्हणून दुपारी झोपेतून लवकर उठले, हौद भरायला मोटर चालू केली आणि त्याच वेळी सुपारीला पाणी सोडायला बूच काढलं. आमचा हौद उतारावर आहे. बूच खालच्या अंगाला, बाहेरून. तिथून आत कोण आहे ते दिसत नाही. ऐकू यायला हरकत नव्हती, पण यांचं कानाचं मशीन उशाशी राहिलं होतं.

"अहो!" मी ओरडले. "बूच लावा! मी आत आहे!"

हे गुणगुणत पाटाच्या कडेने खाली गेले. प्रत्येक सुपारीच्या आळ्यात पाणी नीट जातंय का ते बघत शेवटच्या झाडापर्यंत जायची त्यांची पद्धत आहे. झाडांशी बोलतातही. माझ्याशी नाही एवढं बोलत.

अशा वेळी शहाणी बाई काय करेल? तडक काठाला पोट टेकवून बाहेर लोळेल. मी काय केलं? गणित! एका नळाने हौद भरतो, दुसऱ्याने रिकामा होतो. हे गणित मी किती पिढ्यांच्या डोक्यात घातलंय! वरचा पाइप जाड, खालचं भोक बारीक, म्हणजे येणारं पाणी जाणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त. म्हणजे हौद भरतच जाणार. घाबरायचं कारण नाही. उत्तर काढल्यावर मला इतकं समाधान वाटलं, की मी डोळे मिटून पुन्हा पाठीवर तरंगू लागले.

पाठीवर तरंगताना कान पाण्यात असतात. त्यामुळे लाइट गेली आणि मोटर बंद पडली, हे मला कळलंच नाही. (पाठ्यपुस्तकातल्या गणितात लाइट कधीच जात नाही!) टाचांना शेवाळ लागलं तेव्हा मी डोळे उघडले. हौदाच्या भिंती भलत्याच उंच झाल्या होत्या, वरचं आभाळ आखडलं होतं आणि मी गुडघाभर पाण्यात बसले होते.

भिंत धरून कशीबशी उभी राहिले. उजवा हात काठापर्यंत जाईना. जो पुरत होता त्या डाव्या हाताची बोटं वळेनात. शेवटचं पाणी गुळगुळ आवाज करत निघून गेलं आणि काठावर यांचं तोंड उगवलं.

"अगो! तू इथे काय करतेस?"

"पोळ्या लाटतेय!"

"काय?"

"मशीन लावा आधी!"

"हो हो, मोटरच बंद पडलीय, लाइट गेलीय!"

हा संवाद आम्ही इतक्या मोठ्याने केला, की कुसुमवहिनी धावत आल्या. धावत म्हणजे कंबर धरून. त्यांची मणक्यातली गादी सरकलेली आहे.

"अगो बाय माझे! बाई, तुमी आत कशाला गेलाव?"

त्यांच्यामागे मयेकर तात्या आले. उभा जन्म बोटीवर काढलेला माणूस, आता छातीत स्प्रिंगा बसवलेल्या. त्यांनी ताबडतोब कारभार हातात घेतला. "मी आत उतरतो आणि बाईंना खांद्यावर घेतो!"

"तात्या, खबरदार!" मी खालून ओरडले. "मग दोघांना काढावं लागेल!"

तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं, की परिस्थिती कठीण आहे. तरणी माणसं एकतर बागेत आंबा काढायला गेलेली, नाहीतर मुंबईला. वर उरलेली साखर, मणका आणि हृदय, आणि खाली संधिवात! चौघांत मिळून एक धड माणूस होईना. शिडी सोडून बघितली, तर गुडघा पहिल्या पायरीएवढाही वाकेना. शेवटी तात्यांनी "आरिया! आरिया! हळू!" असं बोटीवर ओरडतात तसं ओरडत दोरीने प्लास्टिकची खुर्ची आत सोडली आणि मी रिकाम्या हौदाच्या मधोमध अध्यक्षासारखी बसले.

"आता लाइट येईपर्यंत थांबायचं," मी जाहीर केलं. "हौद भरला की मी आपोआप वर येते."

"किती वेळ लागेल?" तात्यांनी विचारलं.

"लाइट आल्यावर पाऊण तास." गणिताच्या बाई होते ना! उत्तर जिभेवर होतं.

मग काठावर बैठकच भरली. कुसुमवहिनींनी आंबे कापून आणले आणि माझ्या वाटच्या फोडी बादलीतून खाली सोडल्या. तात्यांनी गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधायला सांगितला. वहिनी म्हणाल्या लसणीचं तेल. ह्यांनी मशीन लावून आल्यावर सगळी हकीकत पहिल्यापासून ऐकली आणि "म्हणजे रोज जात होतीस?" असं इतकं हळू विचारलं, की मला एकदम वाईट वाटलं.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मुग्धाला सांगितलं असतं," मी म्हटलं. "आणि मुग्धा मला पुण्याला घेऊन गेली असती. अहो, तिला एवढं कळू देऊ नका. एवढं एक ऐका माझं!"

"मी कशाला सांगतोय!" हे म्हणाले, आणि त्यांच्या खिशात फोन वाजला. शनिवार होता. मुग्धाचा व्हिडिओ कॉल! आमच्या यांचा एक गुण आहे, फोन वाजला की घ्यायचा. मग विचार करायचा.

"बाबा, आई कुठंय?"

हे माझ्याकडे बघून गप्प राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तोंड बंद ठेवलं, पण फोन हौदाकडे धरला!

"आई??"

मी खुर्चीत बसल्या बसल्या आंब्याची फोड गिळली आणि म्हटलं, "मजेत आहे."

पुढची दहा मिनिटं मुग्धा जे बोलली ते मी लिहीत नाही. थोडक्यात म्हणजे, उद्याच्या गाडीने ती येणार होती आणि परवाच्या गाडीने मी जाणार होते. मला रडू आलं. हौद सुटणार म्हणून, आंबे सुटणार म्हणून, आणि पुन्हा नुसतं बसवून ठेवतील म्हणून. तेवढ्यात लाइट आली!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोटर सुरू झाली, पाइपातून धो धो पाणी पडू लागलं. कुसुमवहिनींनी मुग्धाला बघायला मिळावं म्हणून फोन काठावर नीट धरला. पाणी माझ्या घोट्याला लागलं. आम्ही वाट बघितली. पाणी घोट्यालाच! आणखी वाट बघितली. वर धो धो चालू आणि खाली घोटा काही सुटेना.

"दाब कमी असेल," हे म्हणाले.

"चिरे पाणी पितात," तात्या म्हणाले.

मी मात्र वरचा पाइप आणि हौदाची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजत होते. पाऊण तासाचा सव्वा तास कसा होतोय ते कळेना.

"आई," फोनमधून मुग्धाचा थंड आवाज आला, "बूच लावलंय का?"

म्हणजे खालचं भोक मी समजले तेवढं बारीक नव्हतंच! हे घाईघाईने खालच्या अंगाला गेले.

"सातवीत ह्याच गणितात तू मला शून्य दिलं होतंस," मुग्धा म्हणाली. "सगळ्या वर्गासमोर. आठवतंय?"

मला आठवत होतं.

बूच लागलं आणि पाणी झराझरा चढू लागलं. पोटरी, गुडघा, कंबर. खुर्ची तरंगून निघून गेली. पाणी छातीशी आलं तसे पाय हलके झाले, आणि ऊब नसली तरी ते ओळखीचं सुख अंगात भरू लागलं. "बाई वर आल्या! वर आल्या!" कुसुमवहिनी नाचायच्या बेतात होत्या, मणक्यामुळे राहिल्या. मलाही राहवलं नाही. निवडणूक जिंकलेला माणूस करतो तसे मी दोन्ही हात वर केले.

फोनमध्ये मुग्धाचं तोंड एकदम मोठं झालं.

"आई," मुग्धा म्हणाली. "तुझा उजवा हात."

मी वर बघितलं. हात डोक्याच्या वर होता. सरळ. बोटंही उघडी होती. हे कधी झालं ते मलाच कळलं नव्हतं.

"दिवाळीत तुझी वेणी मी घातली होती," मुग्धा म्हणाली, आणि डोळे पुसायला स्क्रीनवरून बाजूला झाली. काठावर आमचे हे मशीन नीट करायचं निमित्त करून तोंड फिरवून उभे राहिले.

मग मी काठाला पोट टेकवून बाहेर लोळले. ज्या दृश्याचं वर्णन करणार नाही म्हटलं होतं, ते शेवटी तीन माणसांनी प्रत्यक्ष आणि एकीने पुण्याहून पाहिलं!

मुग्धा आली नाही आणि मीही गेले नाही. त्या आठवड्यात गवंड्याने हौदाला आतून बुटक्या रुंद पायऱ्या बांधल्या आणि धरायला लोखंडी नळी बसवली. आता हे चार वाजता मशीन लावून काठावर बसतात, आणि बूच त्यांच्या मांडीवर असतं. पायऱ्या झाल्यापासून कुसुमवहिनीही पाण्यात येतात. तात्या डॉक्टरांना विचारून येतो म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी पंचा घेऊन हजर झाले.

हे सगळं ठरवून झाल्यावर मुग्धाने फोनवर निकाल सांगितला. माझीच वाक्यं, माझ्याच आवाजात. "उत्तर बरोबर आहे, आई. पाण्यात जायलाच हवं. पण रीत साफ चुकली. चोरून गेलीस, पायऱ्या नाहीत, बूच बघितलं नाहीस. पैकीच्या पैकी मिळणार नाहीत."

"मग नापास?" मी घाबरत विचारलं.

"ग्रेसवर पास करतेय."

इतकी वर्षं पेपर तपासले, पण हौदाच्या गणितात एकाही पोराला मी ग्रेसचा एक गुण दिला नव्हता. मी चटकन "थँक्यू बाई" म्हणाले आणि ती काही बदलायच्या आत फोन ठेवून टाकला.