निःसंतान

आमच्या गावाबाहेर गोऱ्यांची जुनी दफनभूमी आहे. गेल्या हिवाळ्यात तिथं विलायतेहून एक वृद्ध बाई आल्या. मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर, म्हणून दुभाष्या झालो. त्यांनी आपल्या उमराव घराण्याची वंशावळ एका थडग्यावर पसरली. कापडावर चिकटवलेल्या त्या कागदावर कितीतरी पिढ्या नांदत होत्या. त्यांच्या पणजोबांचा भाऊ इथं कप्तान होता. त्याच्या नावाखाली लिहिलं होतं, 'निःसंतान वारला.'

कप्तानाचं थडगं सापडलं. शेवाळ खरवडणारा राखणदार शेजारच्या लहानशा दगडाशी थांबला. म्हणाला, "बाईंना सांगा मास्तर, ही त्याचीच पोर. आई आमच्या गावातली होती, असं आजी सांगायची."

दगडावर आडनाव तेच होतं. वय वर्षे तीन. आईचं नाव नव्हतं.

मी सांगितलं तेव्हा बाई वाकल्या, अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. मग हलकेच म्हणाल्या, "पण त्याचं लग्न झालं नव्हतं." आणि त्यांनी कागदाची घडी घातली.

मला त्यांचा राग आला. एवढ्या मोठ्या कागदावर तीन वर्षांच्या जिवापुरती जागा नसावी?

घरी आल्यावर आमचा कुळवृत्तांत काढला. त्यात आम्ही तिघे भाऊ आहोत. चौथ्या वर्षी तापात गेलेली आमची बहीण कुसुम त्यात नाही. छापायला नावं मीच दिली होती.