अण्णा मधेच उतरले असतील

परळी स्टेशनवर मी आणि माझा धाकटा भाऊ अण्णांना घ्यायला गेलो होतो. अण्णा म्हणजे आमचे वडील, वय चौऱ्याहत्तर. त्यांच्या बहिणीकडे परभणीला चार दिवस राहून ते एकटेच परत येत होते. भाऊ त्यांना पुढं दिंद्रुडला, घरी नेणार होता. मी परळीतच एका शाळेत इंग्रजी शिकवते. त्या दिवशी रविवार, म्हणून सुट्टी होती.

गाडी आली. ती इथंच संपते, त्यामुळं डबे रिकामे झाले. अण्णा काही उतरले नाहीत.

मी फोन लावला. रिंग जात होती. भाऊ खिडक्यांतून बघत पुढं गेला आणि चौथ्या डब्यातून ओरडला, "आक्का, हिकडं ये!"

बाकावर अण्णांची पिशवी होती. तिच्यातच फोन वाजत होता.

"संडासात असतील," भाऊ म्हणाला. आम्ही सगळी दारं ढकलून पाहिली. कुणी नव्हतं.

"मधीच पाणी घ्यायला उतरले असतील."

"पिशवी ठिवून?"

पुढचं दोघंही बोललो नाही. अण्णांना चालत्या गाडीत दारापाशी उभं राहायची सवय आहे.

मग आम्ही भांडलो. "तू आणायला जायला पाहिजे व्हतं," मी म्हणाले. "तूच म्हणलीस, बसवून दिलं की येतील!" तो म्हणाला. आज कबूल करते, त्या भांडणाचा आधार वाटत होता. एकमेकांना दोष देता येतोय, तोवर फार वाईट काही झालेलं नसावं, असं काहीतरी.

रेल्वे पोलिसांकडे गेलो. तिथल्या हवालदारानं मागच्या स्टेशनांवर फोन लावायला घेतले आणि विचारलं, "अंगावर काय कपडे होते?" तो साधा 'होते' ऐकून मी घाईनं म्हणाले, "आहेत. पांढरं धोतर आहे."

तासाभरानं जिन्यावरून पांढरं धोतर सावकाश खाली येताना दिसलं. भाऊ पळतच सुटला.

"अण्णा! कुठं गेलता तुमी?"

"गंगाखेडला एक म्हातारी उतरत होती. जवळ दोन बोचकी. म्हणलं, हात लावावा. तवर गाडी हालली की. मग बसनं आलो."

"कुणाच्या तरी फोनवरून कळवायचं तरी!"

"नंबर पाठ कुणाला हाय? पर मला ठाऊक व्हतं, पोरगी हितंच थांबली असंल." एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेऊन उघडली आणि बहिणीनं दिलेल्या चटणीचा डबा सांडला का ते पाहिलं.

मी हवालदारासमोरच रडले, आणि रडतारडता हसलेही.

दुसऱ्या दिवशी दहावीला नेमका 'मस्ट हॅव, शुड हॅव, कुड हॅव'चा धडा होता. दरवर्षी मी नियम लिहून द्यायची, मुलं पाठ करायची आणि पेपरात गोंधळ घालायची. त्या दिवशी नियम लिहिलाच नाही. स्टेशनवरचं सगळं सांगितलं आणि आमचीच वाक्यं फळ्यावर लिहिली. 'उतरले असतील', म्हणजे 'मस्ट हॅव', हा अंदाज; डोळ्यांनी कुणी पाहिलेलं नाही. 'जायला पाहिजे होतं', म्हणजे 'शुड हॅव', ही चुटपुट, वेळ गेल्यावरची. आणि जे आम्ही बोललोच नव्हतो तेही 'कुड हॅव'खाली लिहिलं : 'पडले असते.'

मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी कधी तोंड न उघडणारी, म्हणाली, "बाई, पडले असते म्हंजी पडले न्हाईत ना?"

"नाही पडले."

"मंग ह्येच वाक्य लई चांगलं हाय."

मग मी प्रत्येकाला तसंच एकेक वाक्य करायला लावलं. कुणाला साप चावला असता, कुणाची बहीण विहिरीत गेली असती, कुणाच्या काकाच्या अंगावर विजेची तार पडली असती. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण 'कुड हॅव' एकाचंही चुकलं नाही. वाक्य वाचून झालं की जो तो हसतच खाली बसत होता.