जप्त न केलेला दगड

नोकरीत चोरीच्या शेकड्यांनी फिर्यादी नोंदवल्या. त्यांतल्या बऱ्याच आता आठवणीत एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. पण चोरीचा माल समोर उभा असताना मी हात न लावता परत आलो, असा गुन्हा एकच. तो मी विसरू शकत नाही.

ऐंशीच्या दशकात मी सावली गावाकडच्या धानपट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. तिथल्या लोकांनी स्वतःच्या हिमतीवर सैनिकांचं स्मारक-उद्यान उभारलं होतं. सरकारचा पैसा नव्हता. धान निघाल्यावर प्रत्येक घरानं पायलीभर दिलं, ज्याच्याकडे धान नव्हतं त्यानं श्रम दिले. परिसरातल्या आणि थेट भामरागडच्या जंगलाकडच्या मिळून चौदा गावांचे चौदा जवान सीमेवर पडले होते. प्रत्येकाच्या गावचा एक दगड आणून छोट्या स्वतंत्र चौथऱ्यावर बसवायचा आणि खाली नावाची पाटी लावायची, अशी समितीची योजना होती. प्रजासत्ताक दिनाला उद्घाटन ठरलं होतं.

त्याच्या थोडे दिवस आधी समितीचे अध्यक्ष ठाण्यात आले. ते राइस मिलचे मालक, बोलायला रोखठोक, पण या कामात स्वतः घमेली उचललेला माणूस.

"साहेब, एक दगड नेला कोणीतरी. भामरागडकडच्या जवानाचा."

"दगड कोण चोरणार?"

"तेच तं विचारून राह्यलो तुम्हाले. अन् संशय माझा चौकीदारावर हाये. त्या दगडावरून त्याची पहिलेपासून कुरबूर होती."

फिर्याद नोंदवून मी पंचांना घेऊन उद्यानात गेलो. आदल्या रात्री गावात झाडीपट्टीचं नाटक होतं, त्यामुळे अख्खं गाव मंडपात होतं. फाटकाचं कुलूप शाबूत होतं. चौथऱ्यावरचं सिमेंट छिन्नीनं हळूहळू सोडवलेलं होतं, शेजारच्या दगडाला ओरखडासुद्धा नव्हता. माझ्या डोक्यात राहिली ती वेगळीच गोष्ट. खालचा चुरा झाडून एका बाजूला लावलेला होता. चोर जागा झाडून जात नाही.

चौकीदार माजी सैनिक होता, बौद्ध कुटुंबातला, पन्नाशीचा. फौजेत तो त्याच भामरागडकडच्या जवानाच्या कंपनीत होता. ठाण्यात आला तो इस्त्रीच्या शर्टात, आणि बस म्हटलं तरी उभाच राहिला.

"दगड कोणी नेला?"

"माझ्या ड्युटीत गेला साहेब. जबाबदारी माझी."

"ते विचारलं नाही. कोणी नेला?"

"ते मी नाई सांगत."

"माहीत नाही, की सांगत नाहीस?"

"सांगत नाई."

पोलिसाला खोटं बोलणाऱ्या माणसाची सवय असते. खोटं बोललं की कुठेतरी दोन टोकं जुळत नाहीत, आणि तिथे धरता येतं. हा माणूस खोटं बोलतच नव्हता. मी त्याला स्पष्ट सांगितलं, की गुन्हा शाबीत झाला तर शिक्षा होईल, पेन्शनही अडचणीत येऊ शकते, आणि घरात खाणारी सहा तोंडं आहेत. तो म्हणाला, "हिशेब केला हाये साहेब."

अध्यक्ष रोज ठाण्यात यायचे. "तुम्ही चौकशी करून राह्यले का सोयरीक जुळवून राह्यले? आत टाका ना त्याले." वरूनही विचारणा होऊ लागली. जंगलात तेव्हा नक्षलवादी शिरू लागले होते आणि कशाचाही संबंध त्यांच्याशी जोडला जाई. फार तर दोन-तीन दिवस मी अटक लांबवू शकलो असतो.

खबर मिळाली ती नदीच्या घाटाजवळच्या चहावाल्याकडून. आमचा शिपाई तिथे चहा प्यायचा, त्याच्याजवळ तो सहज बोलून गेला. मी स्वतः गेलो.

"नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक बैलगाडी आली होती साहेब. आतल्या भागातले चौघं जण. गाडीत धानाची तणीस पसरलेली, वरून हळद-तांदूळ. बसाले जागा होती, तरी चौघंही पायदळ. अन् चहा घेतले पाच."

"पाच? माणसं तर चार म्हणतोस."

"तेच तं. पाचवा गाडीत तणसीवर ओतला. मी म्हटलं, काऊन गा, चहा फुकट येते का? तं तो म्हातारा म्हणे, पोराले चहा लय आवडे."

ही खबर मी चार वेळा मनात घोळवली. गाडीत जागा असून पायी चालतात ते मयतीबरोबर. पण ही मयत चहा पीत होती.

स्टेशन डायरीत नोंद केली, दुसऱ्या जिल्ह्याची हद्द म्हणून तिथल्या ठाण्याला कळवलं आणि भामरागडकडच्या त्या जवानाच्या गावाकडे जीप काढली. अध्यक्षांना मुद्दाम सोबत घेतलं, कारण दगड ओळखायला फिर्यादी हवा. आलापल्लीच्या पुढे रस्ता संपत आला तेव्हा ते म्हणाले, "याच वाटेनं आम्ही दगड नेला होता. गावात कोणी नव्हतं, सगळे बाजाराले गेले होते. रस्त्याच्या कडेले चांगला उभा दगड दिसला, टाकला जीपमध्ये."

गावाच्या कडेला मोहाच्या झाडांखाली दगडांची एक रांग होती. काही गुडघ्याएवढे, काही कमरेएवढे. शेवटच्या दगडाभोवतीची माती ताजी होती आणि तळाशी आमच्या उद्यानाचं सिमेंट अजून चिकटलेलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "हाच." लिहायला मी कागद काढला.

तेवढ्यात म्हातारा आला. बांबूच्या कटाईवर राबल्यामुळे त्याला मोडकीतोडकी मराठी येत होती. कशाला आलात, हे त्यानं विचारलं नाही. सरळ रांगेशी गेला आणि एकेका दगडावर हात ठेवू लागला.

"हा बाप माझा. हा भाऊ. हा पोरगा."

अध्यक्ष म्हणाले, "पोरगा म्हणजे…"

"तोच. तुम्ही पाटीवर लिवला तो. मयतीची पेटी नाई आली त्याची, कपडे आले. मंग हा दगड उभा केला. यातच राह्यते तो. नवं धान निघालं की आधी त्याले देतो, मंग आम्ही खातो. अवंदा धान निघालं, तं पोरगा जागेवर नाई."

जवानाचा मान करायला निघालेल्या मंडळींनी त्याच्या बापानं उभारलेलं स्मारकच उचलून नेलं होतं.

मी विचारलं, "बाबा, मागितला का नाही?"

"त्या फौजीनं मागतला ना आमच्यासाठी. नाई म्हटलं तुमच्या लोकांनी. मंग तोच म्हणे, या, फाटक उघडं ठेवतो. छिन्नी त्यानंच चालवली."

मी अध्यक्षांकडे पाहिलं.

"खरं हाये," ते म्हणाले. "चौकीदार आला होता सांगाले. मी म्हटलं, दगड तो दगड, त्यांले दुसरा पाठवू." मग त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. "साहेब, फिर्याद फाडता येते का?"

"नाही. पण खरं काय झालं ते लिहून पाठवता येतं."

घरी नवं धान अजून कोणी शिजवलं नव्हतं. म्हाताऱ्यानं ओंजळभर तांदूळ मुलाच्या दगडापुढे ठेवला आणि मग आम्हाला जेवायला थांबवलं.

मुद्देमाल जप्त केला नाही. दगडाचा जागेवरच पंचनामा केला, चौघांचे जबाब घेतले आणि न्यायालयात 'सी' समरी पाठवली, म्हणजे वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दिलेली फिर्याद. ती मंजूर झाली. समितीनं चौकीदाराला कामावर ठेवलं आणि त्या गावचा दुसरा दगड आणायचा नाही, असंही ठरवलं.

त्या गुन्ह्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक शिस्त पाळली. चोरीची फिर्याद घेताना वस्तू कोणी नेली हे विचारण्याआधी ती तुमच्याकडे आली कशी, हे विचारायचो. फिर्यादी चिडत, पण निम्मा तपास तिथेच होई.

उद्घाटनाला तेरा दगड होते आणि चौदावा चौथरा रिकामा, पाटीसकट. फौजेतले एक मोठे अधिकारी पाहुणे होते. त्या चौथऱ्यापाशी ते थांबले आणि इथे काय राहिलं म्हणून त्यांनी विचारलं. पदकं लावून फाटकाशी उभा असलेला चौकीदार दोन पावलं पुढे आला, त्यानं सॅल्यूट ठोकला आणि म्हणाला, "साहब, जवान छुट्टीपर हाये. आपल्या गावी गेला."

अधिकाऱ्यांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि रिकाम्या चौथऱ्याला सॅल्यूट केला.