वहिनीचे गुडघे आणि खोक्यावरचा स्टिकर

आमच्या दादानं उभ्या जन्मात मला कशातलं काही विचारलं नव्हतं. तो लातूरला सरकारी नोकरीत, मी नांदेडात विष्णुपुरीच्या रस्त्याला कॉम्प्युटरचं दुकान टाकून बसलेली. दुकान टाकलं तेव्हा "बाईमाणसानं स्क्रू फिरवत बसायचं का?" म्हणून वर्षभर अबोला धरला होता त्यानं. आणि रिटायर झाल्यावर हाच माणूस रोज सकाळी अकराला, ट्रान्सपोर्टची गाडी माझ्या दारात लागायच्या टायमाला, फोन करायला लागला.

"जय भीम. आज खोक्यावर स्टिकर कोणाचा आला?"

कॉम्प्युटरचं सगळं डोकं एका चिपमध्ये असतं, ती कोणाची याचा स्टिकर खोक्यावर असतो, आणि ती चिप बनवणाऱ्या दोन कंपन्यांची जुनी खुन्नस. एकीचं वर्षानुवर्षं राज्य, तिला आम्ही बहीणभाऊ थोरली म्हणायचो. तिच्याशी टक्कर घेणारी ती धाकटी. दादानं मोबाइलवरून अमेरिकेतले धाकटीचे शेअर घेतले होते. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या थोरलीला सोडून धाकटीची चिप घालायला लागल्या की शेअर वर जाणार, एवढं सरळ गणित. आणि ते आधी कळणार कोणाला? खोकं उघडणाऱ्याला. म्हणजे मला. "तिथले मोठमोठे लोक अंदाज लावून राहिले, आपल्याकडं तर घरचा माणूस हाय," असं तो मित्रांना सांगायचा म्हणे. घरचा माणूस! मी अशी फुलले की विचारू नका.

त्यात घातलेले पैसे वहिनीच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनचे होते, हे मात्र त्यानं मला सांगितलं नव्हतं. वहिनीचे दोन्ही गुडघे गेलेले. घरातल्या तीन पायऱ्या उतरायच्या तर भिंत धरून, आडवी होऊन, एकेक पाय टाकत उतरायची.

तर त्या महिन्यात माझ्याकडं खरंच नवल झालं. आधी दहा खोक्यांत एखादं धाकटीचं यायचं, आता दहातली आठ तिचीच. मी रोज सांगायचे, "दादा, धाकटीच. आजबी धाकटीच." तो म्हणायचा, "बघ, दोन महिन्यांत दुप्पट." आणि आणखी शेअर घ्यायचा.

मग एक दिवस खोकं कापताना पत्त्याच्या चिठ्ठीखाली दुसरी चिठ्ठी दिसली. नखानं खरवडली, तर पुण्याच्या दुकानाचा पत्ता. दुसऱ्या खोक्यावर हैदराबादचा. मी होलसेलवाल्याला फोन लावला. तो हसत हसत म्हणाला, "मॅडम, इधर माल उठाच नै, इसलिए छोटे गावां में डाल रहे."

म्हणजे धाकटीला कोणी डोक्यावर घेतलं नव्हतं. मोठ्या शहरांनी नाकारलेली खोकी आमच्या गळ्यात मारली होती आणि मी त्याला वारं फिरलं म्हणत होते. मलाच माहीत होतं, आमच्याकडं माल नेहमी उरलासुरलाच येतो. इतकी वर्षं त्यावरच तर होलसेलवाल्याशी भांडत आले. पण दादा विचारतोय म्हटल्यावर माझी अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे.

तेव्हाच फोन करून सांगायचं ना? नाही सांगितलं. आठ दिवस अकराला फोन यायचा आणि मी म्हणायचे, "हाव, धाकटीच." खोटं नव्हतं ते, स्टिकर तिचाच होता. खरं सांगायचं तर, दादाचा फोन बंद होईल याची मला भीती वाटत होती. लाज वाटते आता लिहिताना.

नवव्या दिवशी फोन आला तो वहिनीचा. "वन्सं, डॉक्टरनं ऑपरेशन दोन महिने पुढं ढकललं म्हणं. तुमचे दादाच विचारून आले दवाखान्यातून. मला तर आता रात रात झोप न्हाई." दोन महिने ऐकलं आणि मला दादाचं 'दोन महिन्यांत दुप्पट' आठवलं. हा डॉक्टरचा हिशेब नव्हता, दादाचा होता.

शटर ओढलं आणि बस धरली. त्याच संध्याकाळी लॅपटॉप बनवणारी एक मोठी कंपनी नव्या लॅपटॉपचं काहीतरी जाहीर करणार होती, दादा त्याचाच जप करत बसलेला. अमेरिकेचा बाजार आपल्या संध्याकाळी उघडतो. त्याच्या आधी मला पोचायचं होतं. फोनवर त्यानं ऐकलंच नसतं. लोहा गावाच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या आडव्या, बस जागची हलेना. मी कंडक्टरवर ओरडले. तो बिचारा काय करणार! लातूरला घरात शिरले तेव्हा दादा मोबाइल हातात घेऊन तयारच होता.

"दादा, विक सगळं."

"आज? येडी झालीस का?"

मी चिठ्ठ्यांचं सांगितलं. मग त्यानं हळूच विचारलं, "कधी कळलं तुला?"

"आठ दिवस झाले."

"अन् आठ दिवस मला धाकटी, धाकटी सांगून राहिलीस?"

मी रडले. तो उसळून म्हणाला, "तुझ्या भरवशावर तिच्या ऑपरेशनचे पैसे..." तेवढ्यात त्याची नजर दाराकडं गेली. दारात वहिनी उभी होती, भिंत धरून.

"म्हंजे डॉक्टरनं तारीख ढकलली न्हाई?" तिनं विचारलं. ती तिथंच खाली बसायला लागली, तर गुडघा वाकेना. मीच धरून बसवली.

बाजार उघडला. भाव आधीच खाली आलेला. त्यानं निम्मे विकले. "एका गुडघ्याचे काढले," तो म्हणाला. "दुसऱ्याचे राहू दे. आज बातमी आली तर?" मी हात जोडले, चिडले, नाही नाही ते बोलले. त्यानं मोबाइल खिशात घातला. त्या कंपनीनं त्या दिवशी ना थोरलीचं नाव काढलं ना धाकटीचं.

वहिनीचा उजवा गुडघा झाला. छान झाला. आता पायऱ्या उतरताना ती उजवा पाय टाकते आणि डावा ओढून घेते. डाव्याचे पैसे अजून धाकटीतच अडकलेत. दादाचा मला फोन नाही, पुन्हा अबोला.

परवा सकाळी अकराला फोन वाजला. नंबर दादाचा. पहिल्याच रिंगला उचलला. आवाज वहिनीचा होता, दबका.

"वन्सं, आज कोणाचा आला हो?"

दारात सात खोकी पडलेली होती. सातही खोक्यांवर धाकटीचा स्टिकर.

"वहिनी," मी म्हणाले, "आज गाडीच आली न्हाई."