सुलभाताईंचा भरलेला डबा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे अर्धं सांगितलंय. आमच्या घरात तर ते अर्धं इतक्यांदा सांगून झालंय, की मी तोंड उघडायच्या आधीच भाचेमंडळी हसायला लागतात. चेन्नईला असताना मावशी नकाशा घेऊन रानात कशी हरवली, एका गुराख्यानं झाडावर वाळत घातलेला लाल पंचा खुणेचा झेंडा समजून त्याच्याभोवती कशी घुटमळली, आणि त्याच्या शेळीनं तिचा नकाशा कसा खाल्ला. शेळीचं थोडं मी वाढवलंय, तिनं नुसता चाटला होता. पण आज मला शेळीबद्दल बोलायचं नाही.

कसं सांगू? जरा मागून येते.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. ह्यांची बँकेतली बदली चेन्नईला झालेली. तिथं ओळखीतल्या काही मराठी आणि तमिळ घरांनी मिळून ओरिएंटियरिंगचा क्लब काढला होता. म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घ्यायचं, रानात लावून ठेवलेले केशरी-पांढरे झेंडे एकामागून एक शोधायचे, प्रत्येक झेंड्यापाशी आपल्या कार्डाला भोक पाडायचं आणि पळत परत यायचं. लोक पळायचे. मी चालायचे, तेही दम खात. होकायंत्राची सुई उत्तर दाखवते एवढं मला कळायचं; आपण कुठे आहोत हे मात्र ती कधी सांगायची नाही.

संक्रांतीच्या आसपासच्या रविवारी क्लबची हिवाळी दौड असे. चेन्नईचा हिवाळा म्हणजे काय, तर पंखा जरा हळू करायचा. पण पहाटे सुरूच्या बनात समुद्रावरून वारा यायचा आणि आयटीतली पोरं हौसेनं स्वेटर घालून यायची. त्या दौडीतला शेवटचा झेंडा खास. तिथं मनोहरराव बसायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, मांडीवर मोठा स्टीलचा डबा. कार्डाला भोक पाडलं की तळहातावर तिळाचा लाडू. "गोड बोला, आणि आता डावीकडे सुटा!" लाडू त्यांच्या बायकोचे, सुलभाताईंचे.

आम्ही बाकीच्या बायका चिकीचा गूळ पुण्याहून येणाऱ्याजाणाऱ्याकडून मागवायचो. त्याशिवाय तिळगूळ होतच नाही, हे आमचं ठाम मत. सुलभाताई जॉर्ज टाउनातल्या दुकानातून तिथलाच पाकाचा गूळ आणायच्या — पागु वेल्लम म्हणतात त्याला — आणि असा खुसखुशीत लाडू वळायच्या, की खाणारा दुसऱ्यासाठी हात पुढे करूनच उभा. माझेही लाडू असायचे, दौड संपायची त्या मैदानावरच्या टेबलावर. ते बहुतेक माझ्याबरोबरच घरी परत यायचे. एका वर्षी वाऱ्यानं नकाशे उडायला लागले तेव्हा ह्यांनी माझा एक लाडू उचलून त्यांच्यावर वजन म्हणून ठेवला. सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले.

हसले म्हणजे विसरले, असं थोडंच असतं?

पुढच्या उन्हाळ्यात मनोहरराव गेले. झोपेतच. सुलभाताईंनी स्वतःला घरात कोंडून घेतलं. मुलगी नागपूरला चल म्हणत होती, ह्या जाईनात. आणि बाहेरही पडेनात. मग संक्रांतीच्या आधी एके दिवशी मला फोन आला.

"वहिनी, शेवटच्या झेंड्यापाशी यंदा मी बसले तर? लाडू करून आणते. पण वर्ष व्हायचंय हो अजून. कुणाला खटकेल का?"

तुम्हाला ठाऊक आहेच, घरातलं माणूस गेलं की वर्षभर सणाचं गोडधोड करत नाहीत. शेजारपाजारचे आणून देतात. तमिळ घरांतही हे असंच.

"अहो, कुठल्या काळात आहात? आणा बिनधास्त!" मी म्हणाले. आणि हे मी अगदी मनापासून म्हणाले. हळदीकुंकवाला विधवांनाही बोलवा म्हणून मंडळात तावातावानं बोलणारी मीच ना?

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालं," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या लोकांत बसायला जमलं तर इथंच राहीन म्हणते. नाहीतर मग नागपूर आहेच."

म्हणजे त्या कशासाठी येणार होत्या, हे मला माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवते.

दौडीच्या पहाटे गाडीत हे म्हणाले, "चला, यंदाही सुलभाताईंचे लाडू मिळणार तर!" माझा डबा माझ्या मांडीवर होता.

एवढंच झालं. खरंच, एवढंच.

सुरुवातीच्या जागेवर नकाशे वाटायचं काम माझ्याकडे होतं. पहिली आली कुमुद, कडेवर बाळ. मी आवाज खाली केला. "बाळाला सुलभाताईंकडचं काही देऊ नकोस हं. त्यांचं वर्ष झालेलं नाही. मी नाही मानत असलं, पण तान्हं मूल आहे, कशाला उगीच?"

एकीलाच सांगितलं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला बजावत आले. नाही, दोघींना. छे, आता तरी कशाला लपवू? नकाशा हातात देताना जिच्या जिच्या मनाला हे लागेल, तिला तिला मी ते सांगितलं. तमिळ मामींना तर एक वाक्य पुरलं. आणि ज्या पोरांना वर्षबिर्ष काही कळत नव्हतं, त्यांना म्हणाले, "तीळ खवट निघालेत म्हणे, पोट सांभाळा रे." ज्याला त्याला त्याच्या प्रमाणात. स्वयंपाकात हे प्रमाण मला कधी साधलं नाही.

मग मी निघाले, हरवले — ते पंचा-शेळीचं सगळं त्याच दिवशीचं — आणि सगळ्यांच्या शेवटी त्या झेंड्यापाशी पोचले. माझी घरातली गोष्ट इथं येईपर्यंत संपलेली असते.

सुलभाताई सुरूच्या झाडाखाली सतरंजीवर बसल्या होत्या. डबा उघडा. वरचा थरसुद्धा हललेला नव्हता. कुणी उद्धटपणे नाही म्हटलं नव्हतं हो. "नंतर घेते, काकू." "हात मातीचे आहेत." "उपास आहे." सगळे एकदम येऊन नाही म्हणाले असते, तर एकदाच काय ते लागलं असतं. पण ह्या खेळात माणसं एकेकटी येतात. एक जण येणार, भोक पाडणार, डब्याकडे न बघता निघून जाणार, मग बराच वेळ नुसता वारा, मग दुसरा. सकाळभर हे असं.

"वहिनी, वर्षाचं तर नसेल ना?"

"छे! असलं कोण मानतं हल्ली?"

"मग चवीतच काहीतरी चुकलंय. तुम्ही तरी खाऊन खरं सांगा."

मी लाडू तोंडात टाकला. नेहमीसारखाच झाला होता. नेहमीपेक्षाही चांगला. तिथं आम्हा दोघींशिवाय कुणी नव्हतं. एका वाक्याचं काम होतं — बोलू शकले नसते का?

"पाक पुढं गेलाय जरा," मी म्हणाले. "कडवट लागतो."

त्यांनीही एक घेतला. सावकाश चावला, बराच वेळ. "मला नाही लागत कडू. पण ह्यांच्यामागे मला कशाचीच चव कळेनाशी झालीय. चाखून बघायला हेच असायचे ना." आणि मग, जणू माझीच समजूत काढताहेत अशा आवाजात, "बरं झालं सांगितलंत. नाहीतर पोरांना तेच देत बसले असते."

त्यांनी डबा बंद केला. मैदानावर आल्या त्या सरळ रिक्षा बघून निघून गेल्या. निकालसुद्धा ऐकायला थांबल्या नाहीत. त्या दिवशी माझे लाडू संपले. दुसरं काही नव्हतंच खायला. ह्यांनी पाठ थोपटली, आणि मी ती थोपटून घेतली.

महिनाभरात सुलभाताईंनी चेन्नई सोडली.

अजून आहेत त्या. संक्रांतीला त्यांचा फोन येतो, न चुकता. यंदाही आला. नात लाडवांसाठी हटून बसली होती म्हणे. सुलभाताईंनी तिला विकतचे आणून दिले. "माझ्या हाताचं काही खरं नाही राहिलं, वहिनी. तुम्ही त्या दिवशी स्पष्ट बोललात म्हणून तरी कळलं. बाकी कुणी बोललं नाही बघा."

"होतं हो असं," मी म्हणाले, "वय झालं की."