दिवाणजीला सांग

माझ्या नणंदेला थंडी वाजत नाही. म्हणजे वाजत नाही असं तीच सांगते, आणि तिच्या सांगण्याची शहानिशा करायची घरात कुणाची टाप नाही. तिची उभी हयात सफरचंदांच्या शीतगृहात गेली. पट्ट्यावरून फळं येतात, एकेक उचलायचं, फिरवून बघायचं, डागाळलेलं बाजूच्या पेटीत टाकायचं. मोजे घातले तर आतून मऊ पडलेलं फळ बोटांना कळत नाही, म्हणून ती मोजे घालत नसे. पुढे पुढे बोटांनाच काही कळेनासं झालं. आता ती शेगडीवरचं भांडं फडक्याशिवाय उतरवते आणि काटा बघणाऱ्याच्या अंगावर येतो.

सगळे तिला ताई म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा गावाबाहेरच्या त्या जुन्या घरात ताई आणि सासरे अशी दोघंच राहत होती. दोघं आणि दोन कुत्री. दिवाणजी थोरला, अंगानं भारी, कुणीतरी नुकतंच फसवल्यासारखा चेहरा. भिंगरी धाकटी आणि नावाला जागणारी. पहिल्याच सकाळी मी चहा केला. सासऱ्यांनी एक घोट घेतला, टेबलाखाली वाकले आणि म्हणाले, "दिवाणजी, सूनबाईला सांग, चहा झकास झालाय." म्हातारा मिश्कील दिसतोय, असं वाटून मी हसले. बाकी कुणी हसलं नाही.

मग हळूहळू उलगडा झाला. त्या घरात साधी बोलणी सरळ व्हायची. जेवायला या, वीज गेली, दूध उतू चाललंय, असली. पण मनातलं काही असलं, हवं-नको, राग, कौतुक, तर ते कुत्र्याला सांगायचं. ज्याच्यासाठी असेल त्यानं ऐकायचं आणि उत्तरही कुत्र्यालाच द्यायचं. उत्तर आलं नाही तर ते 'नाही' समजायचं आणि तो विषय पुन्हा काढायचा नाही. सासरे जमीन मोजणीच्या खात्यात होते. दोन माणसांच्या मधेही हद्दीचा दगड हवाच, असं त्यांचं मत असावं. सासूबाई लवकर गेल्या. त्यांना हा प्रकार कसा चालायचा, हे विचारायचं राहून गेलं.

माझा नवरा यातला एक किस्सा चारचौघांत रंगवून सांगतो. ताई तरुण असताना शीतगृहाच्या पेट्या नेणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरवर तिचा जीव जडला. एका सकाळी सासरे पेपर वाचत होते. तिनं तेव्हाच्या कुत्र्याला सांगितलं, "बाबांना सांग, मला त्याच्याशी लग्न करायचंय." सासऱ्यांनी पान उलटलं. ताईनं जेवणाचा डबा उचलला आणि कामावर गेली. "खेळ खलास!" असं म्हणून नवरा टाळीसाठी हात पुढे करतो. मी ती टाळी कधी दिलेली नाही.

पानगळीच्या सुमाराला सासरे गेले. त्यानंतर सुट्टीचे दोन दिवस काढून आम्ही गेलो ते थेट ऐन थंडीत.

घर दगडी, छत उंच, दारं-खिडक्या वाकड्या झालेल्या. वरच्या खोल्या ताईनं बंद करून टाकल्या होत्या. मधल्या बोळात बोललं की तोंडातून वाफ निघे. न्हाणीघरातल्या बादलीवर बर्फाची साय धरली होती. ऊब काय ती स्वयंपाकघरात, तीही लोखंडी शेगडीच्या हातभर अंतरात. आम्ही नवराबायको कोट न काढता बसलो. ताई अंगात फक्त एक स्वेटर घालून बटाटे सोलत होती. कुत्री तिच्या पायांवर पसरली होती.

ताई रडली नव्हती. दवाखान्यात नाही, स्मशानात नाही, नंतरही नाही. लोक म्हणाले, धीराची आहे. मला तसं वाटलं नाही. बोटांचं झालं होतं तेच आता सगळ्या बाईचं झालं होतं. खरं सांगायचं तर मलाही काही वाटत नव्हतं. सासऱ्यांची रिकामी खुर्ची समोर होती आणि मी तिच्या पाठीवर माझी ओली शाल वाळत घातली होती.

नवऱ्यानं सगळं गाडीतच ठरवून टाकलं होतं. सूप पिता पिता त्यानं ते मांडलं. घर विकायचं. ताईनं आमच्याकडे यायचं, मागची खोली तिची. आमच्या इमारतीत कुत्री चालत नाहीत, पण वरच्या रस्त्याचा बागायतदार दोघांनाही घ्यायला तयार आहे, उद्या, रविवारी सकाळीच येतो म्हणालाय. वाईट मनानं बोलत नव्हता. सख्ख्या बहिणीनं या गारठ्यात एकटं कुढत बसू नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"तुला काय वाटतं, ताई?"

"बघू."

"तिकडं नळाला कायम गरम पाणी असतं."

"हो का," ताई म्हणाली आणि पाव कापायला लागली. नवऱ्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे जमलं.

जेवण आटोपलं. ताई शेगडीपाशी जमिनीवर बसून दिवाणजीच्या केसांतली कुसळं काढत होती. शेगडी विझायला आली होती आणि नवरा गुडघ्यांवर बसून तिच्यात फुंकर मारत होता. धूर नुसता. तेवढ्यात ताई म्हणाली, मीठ मागावं तशा आवाजात, "दिवाणजी, त्याला विचार, आपल्या तिघांना इथंच राहू देतोस का? माझ्यामागं घर विक म्हणावं. मी आहे तोवर नको."

नवरा खोकला, डोळे पुसले. "लाकडं ओली आहेत," तो म्हणाला आणि पुन्हा फुंकायला लागला.

ताई थांबली. तिचा हात कुत्र्याच्या कानावर तसाच राहिला. मीही थांबले. हा उत्तर देईल, धूर आवरला की देईल. कान त्याच घराचे आहेत. मग ताईचा हात पुन्हा चालायला लागला. तिनं राहिलेली कुसळं काढली, शेगडीत टाकली आणि उठली. मला वाटलं, सकाळी बोलतील. बहीणभावाच्या मधे आपण नाक कशाला खुपसा?

सकाळी मी स्वयंपाकघरात आले तेव्हा कुत्री विंचरून तयार होती. त्यांची ताटल्या-भांडी, घोंगडी, दिवाणजीच्या कानाचं औषध, सगळं एका पेटीत. बागायतदार छोटा टेम्पो घेऊन आला. चांगला माणूस होता, टोपी काढून बोलला. ताईनं त्याला औषध कसं घालायचं ते दाखवलं. भिंगरी फिरायला निघाल्यासारखी टुणकन वर चढली. दिवाणजी हलेना. तेव्हा ताईनं खाली वाकून ते धूड दोन्ही हातांनी उचललं, छातीशी धरलं आणि आत ठेवलं.  टेम्पो वळणाआड गेला.

"किती समंजस आहेस गं तू," नवरा म्हणाला.

"दार लाव," ताई म्हणाली. "असली नसली ऊब जाते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी नवऱ्याला ओढत बोळात नेलं.

"काल तिनं तुला विचारलं. तू उत्तर दिलं नाहीस."

"मला? कधी?"

"लाकडं ओली आहेत म्हणालास तेव्हा. इथंच राहू देतोस का, असं विचारत होती ती."

"अगं, ते ती कुत्र्याशी..." तो म्हणाला. दहावीच्या आधीपासून हा वसतिगृहात. घरची सगळी गंमत पाठ, किस्से पाठ, आणि घरची भाषाच विसरून बसला होता. मला त्याचा संताप आला आणि कीवही.

दुपारी जेवायला बसलो. त्यानं घासही न घेता विचारलं, "ताई, तुझ्या मनात काय आहे ते मला सांग. सरळ सांग. मी ऐकतोय."

ताईनं चमचा ठेवला. तोंड उघडलं. सवयीनं तिची नजर टेबलाखाली गेली. तिथं आम्हा तिघांचे बूट होते, बस्स.

"कुणाला सांगू?" ती म्हणाली.

टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळत नव्हतं.  नवरा उठला तो खुर्ची पाडूनच. किल्ल्या घेतल्या, कोट विसरला, बाहेर पडला. गाडी गारठलेली, चालू व्हायला कुरकुर करत होती.

ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चेहरा तसाच, होता तसाच; ते पाणी तिला जाणवत तरी होतं की नाही कोण जाणे. मग ती माझ्याकडे वळली. माझ्या तोंडाकडे नाही, जरा खाली, मांडीकडे बघून म्हणाली, "त्याला सांग, वळणावर बर्फ आहे, हळू चालव. आणि दिवाणजीला चढवत नाही, उचलून घे म्हणावं."

मी तशीच धावले. फाटकाशी गाडी गाठली, काचेवर हात मारला आणि एका दमात सगळं सांगितलं, वळण, बर्फ, दिवाणजी. त्यानं काच खाली केली. डोळे लाल झाले होते, आता धूर नसताना.

"तिला सांग," तो म्हणाला, "हो."